काट्यावरचं टिंब

कापसाच्या त्या वाईट वर्षांत मी दारव्ह्याला कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवत होते. गावाबाहेरच्या जिनिंग कारखान्यातल्या वजनकाट्याचा प्रोग्राम मीच लिहिलेला. एका दुपारी तिथल्या मॅनेजरने जीप पाठवून मला बोलावलं.

फाटकापर्यंत बैलगाड्यांची रांग होती आणि माणसं काट्याच्या खोलीच्या दारात दाटली होती. काट्यावर उभ्या गाडीचं वजन पडद्यावर चौदाशे पंचवीस क्विंटल दिसत होतं.

"आज चौदाचे चौदाशे दाखवते, मंग काल किती कमी दाखवलं असंल?" गाडीवाल्या बाईने विचारलं.

आदल्या दिवशी मेकॅनिकने कॉम्प्युटरवर विंडोज नव्याने टाकताना देश भलताच निवडला होता. तिकडे दशांशाला टिंब नाही, स्वल्पविराम देतात. म्हणून काट्याकडून येणारं टिंब माझा प्रोग्राम गाळून टाकत होता. सेटिंगचं पान त्याने बंद करून ठेवलेलं, आणि त्याचा फोन लागेना.

आता ती सेटिंग कोडमधूनच बदलायची होती. विंडोज तिथे सरळ हात घालू देत नाही. आधी तिला ती सेटिंग जिथे साठवलेली असते तो कप्पा उघडायला सांगायचं. तो उघडला की ती एक आकडा देते, त्याला हँडल म्हणतात. तो व्हेरिएबलमध्ये धरून ठेवायचा आणि त्याच्याच जोरावर पुढचं लिहायचं.

मी कोड लिहून चालवला. हँडल शून्य. कप्पा उघडलाच नव्हता.

"काय करून राह्यली ते? आकडे बदलून राह्यली का?" मागून कोणी ओरडलं.

मॅनेजर कानाशी आला. "मॅडम, लवकर करा. दगड येतील आता."

कप्प्याचं नाव एकेक अक्षर वाचलं. दोन शब्दांमध्ये जागा सुटली नव्हती. ती टाकून पुन्हा चालवलं; हँडल आलं. स्वल्पविरामाच्या जागी टिंब लिहिलं, हँडल बंद केलं, प्रोग्राम सुरू केला. पडद्यावर १४.२५.

"आता बरोबर आहे," मी म्हणाले.

"तू म्हणतं म्हणून मानू का?" ती बाई म्हणाली. "गाडी काढा. त्या सिमेंटच्या गोण्या ठेवा काट्यावर."

शेडच्या बांधकामासाठी आलेल्या, पन्नास किलोच्या दहा गोण्या आणून ठेवल्या. ५.०० आलं.

"लावा गाडी," ती म्हणाली.

मॅनेजरने चहा मागवला. निघताना त्याला सांगितलं, गोण्या इथेच राहू द्या, ज्याला शंका येईल त्याने आधी मोजून बघावं. त्याला ते आवडलं नाही; पण हंगाम संपेपर्यंत गोण्या तिथेच होत्या.