राखीव

अंध शाळेत शिकवणाऱ्या मंदाताई ब्रेल यंत्राच्या सपाट पट्टीवर बोटं ठेवून बसल्या आहेत. पडद्यावरची ओळ त्या पट्टीवर बारीक टिंबांनी उमटायला हवी. पण नव्या संगणकाचं या जुन्या यंत्राशी बोलणंच होत नाही. दोघांमधला दुभाषा, म्हणजे ड्रायव्हर, आम्ही काही मित्र लिहितोय, कुणालाही फुकट वापरता येईल असा.

यंत्राची भाषा ठाऊक आहे ती फक्त ते बनवणाऱ्या कंपनीला. तिनं पाठवलेल्या माहितीत ऐन मोक्याच्या जागी, आकडा हवा तिथं, एकच शब्द आहे, ‘रिझर्व्ह्ड’. राखीव. एसटीतली राखीव जागा कुणासाठी, ते निदान वर लिहिलेलं तरी असतं!

आज कानाला हेडफोन लावून व्हिडिओ कॉलवर कंपनीच्या इंजिनियरला मी सरळच म्हणालो, “तिथं काय भरायचं, तेवढं सांगा ना.” त्यानं तोंड उघडलं, मग माइक बंद करून शेजारच्या कुणाशी तरी बोलला. उत्तर त्याला येत होतं. ते चेहऱ्यावर दिसत होतं, फक्त ऐकू येत नव्हतं. जे कुणालाच माहीत नाही, त्याच्याशी झटापट करता येते. जे समोरच्याच्या ओठांवर आहे, त्याचं काय करायचं?

माइक सुरू झाला. “वर विचारून कळवतो, सर.” माणूस चांगला आहे. त्याच्यावर धड चिडताही येत नाही.

“काय म्हणाले हो?” मी हेडफोन काढल्यावर शेजारी बसलेल्या मंदाताईंनी विचारलं.

“कळवतो म्हणाले.”

त्यांनी मान हलवली आणि सवयीनं त्या कोऱ्या पट्टीवरून बोटं फिरवत नेली, सावकाश, पार ओळीच्या टोकापर्यंत.