इंजिनांवरची धूळ

गोंदियात आमच्या घरामागेच राईस मिल आहे. धानाचा हंगाम सुरू झाला की कोंड्याची धूळ बंद खिडक्यांतूनही आत येते. आमच्या ह्यांनी पुठ्ठा आणि तारेपासून बनवलेली छोट्या लाईनच्या, म्हणजे नॅरोगेजच्या, गाडीची इंजिनं बैठकीतल्या फळीवर असतात. ती पुसायचं काम त्यांनी कधीच कुणाला दिलं नाही. मऊ ब्रशने चाकांमधली धूळ ते स्वतःच काढायचे.

गेल्या दिवाळीनंतर मात्र त्यांनी ब्रश माझ्यापुढे धरला. "हात थरथरून राहिला माहा. आता तूच कर."

"अवो, मोडलं म्हणजे?"

"मोडलं तं जोडू."

पहिल्याच इंजिनाचं धुराडं माझ्या ब्रशचा धक्का लागून निखळलं. मी घाबरून त्यांच्याकडे पाहिलं. ते हसले आणि गोंदाची बाटली घेऊन शेजारी बसले. चिमटा माझ्या हातात होता, सूचना त्यांच्या. "जराशी डावीकडं. आता दाबून धर."

धुराडं किंचित वाकडं बसलं. मी ते काढून पुन्हा लावायला निघाले, तर म्हणाले, "राहू दे. मस्त दिसते."

संध्याकाळी शेजारी आले, तेव्हा त्यांनी सगळ्यांत आधी तेच इंजिन दाखवलं.