पारव्यांची बाजू

नागपूरच्या एका कॉलेजात, प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत, प्रवाळाचा एक पांढरा तुकडा होता. कोणीतरी फार पूर्वी रामेश्वराहून आणलेला. उन्हाळ्यात पंखा जोरात सुरू झाला की टेबलावरचे कागद उडत, म्हणून तो तुकडा कागदांवर ठेवलेला असे. गोपिका भोयर तिथे डेमॉन्स्ट्रेटर होती. दरवर्षी ती तो उचलून मुलांना दाखवी आणि सांगे की हा दिसतो दगड, पण इवल्या इवल्या जिवांनी पिढ्यान्पिढ्या बांधलेलं हे घर आहे. मुलं लिहून घेत. तास संपला की तुकडा पुन्हा कागदांवर जाई. खुद्द गोपिकेने समुद्र पाहिलेला नव्हता.

नोकरी सांभाळून ती पीएच.डी. करत होती. विषय होता नागपूरच्या तळ्यांतला हायड्रा. हायड्रा म्हणजे प्रवाळाचा गोड्या पाण्यातला दूरचा नातेवाईक. तेवढ्या नात्यावर १९८३ साली तिची निवड झाली. ऑस्ट्रेलियातल्या एका बेटावर, प्रवाळाचं रक्षण कसं करायचं हे शिकवणारा सहा आठवड्यांचा अभ्यासक्रम होता. विभागप्रमुख सुहासिनीबाई अर्ज भरायला बसल्या आणि एका प्रश्नाशी थांबल्या.

"पोहता येतं का गं तुला?"

"येतं मॅडम."

"नागपुरात? कुठे शिकलीस?"

"विहिरीत."

बाई हसल्या. "येतं, एवढंच लिहिते. विहिरीचं त्यांना कशाला सांगा!"

ती विहीर नागपूरजवळ, मौद्याच्या पलीकडे, गोपिकेच्या वडिलांच्या, शालिकरामच्या शेतात होती. दगडी बांधणीची, खोल, दुपारीसुद्धा गार. गोपिका लहान असताना शालिकरामने तिच्या पाठीला तेलाचा रिकामा डबा बांधला आणि तिला पाण्यात सोडलं. दोन उन्हाळ्यांत डबा सुटला. शिकवणी एवढीच होती की हातपाय मारत राहायचं आणि दम लागला की बाजूच्या कपारीत पाय टेकून उभं राहायचं. "दगड आपल्या बापाचाच हाय," शालिकराम म्हणायचा, "त्याच्यावर पाय द्याले लाजायचं नाही."

फक्त पूर्वेची बाजू वर्ज्य होती. तिथल्या कपारींत पारव्यांनी घरटी केली होती. त्या बाजूला पोरांनी पाय टेकायचा नाही, हात घालायचा नाही, दम लागला तरी नाही. मोटेच्या दिवसांपासून तसंच चालत आलं होतं. त्या बाजूला गेलंच तर शालिकराम पाण्यावर उताणा पडे, चटई अंथरल्यासारखा, आणि पोटावर हात ठेवून पारव्यांकडे पाहत राही.

जायच्या आधीच्या सुट्टीत गोपिकेने पुन्हा विहिरीत सराव केला. नागपुरात, धंतोलीत ती जिच्याकडे राहायची ती आत्या, प्रयागबाई, काठावर बसून बोलत होती.

"काहून वं गोपे, समुद्र पाहाले जाऊन राहिली का समुद्रात बुडाले?"

शालिकरामने खालून, पाण्यातूनच उत्तर दिलं. "समुद्रात कायचं भेव? विहिरीले चार बाजू असतेत. त्याले एकच असते."

"मंग बाकीच्या तीन कुठं गेल्या गा, दादा?"

"त्याच तर पाहून येईन ना ती!"

बेटावर शिकवणाऱ्या बाईंचं नाव रूथ होतं. उन्हाने रापलेली, कमी बोलणारी. पहिल्याच सकाळी तिने नियम सांगितला. पाण्यात कशालाही हात लावायचा नाही, पाय टेकायचा नाही. ज्याचा पाय टेकेल तो बोटीत बसेल. मग तिने विचारलं, का? गोपिकेने हात वर केला आणि प्रयोगशाळेत सांगायची ते सगळं सांगितलं. तिचं उत्तर त्या दिवसातलं सगळ्यात चांगलं उत्तर होतं. रूथने मान डोलावली.

पाण्याखाली पाहिलं तेव्हा मात्र ती स्वतःचंच उत्तर विसरली. तो कागदांवरचा पांढरा तुकडा इथे तपकिरी होता, जांभळा होता, कुठे टोकांशी निळा. फांद्यांतून मासे आतबाहेर करत होते. पायात रबरी पंखे, डोळ्यांवर काच, तोंडात नळी. आखून दिलेल्या दोरीच्या कडेने पोहत जायचं आणि दोरीखाली किती प्रवाळ जिवंत आहे, किती मेलं आहे, ते पाटीवर नोंदवायचं. हीच तिथली परीक्षा होती.

तिसऱ्या दिवशी मध्येच लाट आली. नळीत पाणी शिरलं. गोपिकेला दम लागला आणि तिचा उजवा पाय आपणहून खाली गेला. पाय काहीतरी शोधत होता. त्याला ते सापडलं. रबरातूनही तिला कळलं, तुराटी मोडावी तसं काहीतरी कडकन मोडलं.

खाली पाहिलं तर हरणाच्या शिंगासारखी फांदी आडवी पडली होती आणि तुटलेली कड पांढरीफटक होती. रूथ जवळच होती. तिने बोटीकडे बोट दाखवलं.

संध्याकाळी रूथ तिच्याजवळ येऊन बसली.

"तुला सगळं माहीत आहे," ती म्हणाली. "तुझ्या पायाला माहीत नाही."

"मुद्दाम नाही टेकवला."

"ते मी पाहिलं. म्हणूनच काळजी वाटते. आता धक्क्यापाशी सराव कर. तिथे खाली नुसती वाळू आहे. पाय टेकत नाही असं मला दिसलं, तर पुन्हा दोरीवर सोडीन."

"आणि नाही दिसलं तर?"

"तर परत जाताना समुद्राबद्दल आणखी एक व्याख्यान घेऊन जाशील."

ते गोपिकेला लागलं, कारण ते खरं होतं. व्याख्यान तर ती न येताही देत होती.

धक्क्यापाशी रोज ती पाण्यात उतरे. पाय टेकायचा नाही, असं स्वतःला बजावी. जिवंत आहे, घर आहे, वर्षभर वाढते तेव्हा कुठे फांदी बोटाएवढी पुढे सरकते, असं मनात म्हणे. दम लागला की पाय खाली जाई. वाळू ढवळून निघे. धक्क्यावरून रूथ मान हलवी आणि निघून जाई. बाकीची मंडळी बोटीने जात, संध्याकाळी आपापल्या पाट्या घेऊन परत येत आणि जेवताना माशांची नावं घेत. गोपिका भात चिवडत ऐकत असे. एवढ्या लांब येऊन आपण वाळू ढवळायला शिकलो, असं तिला वाटू लागलं.

असेच तीन आठवडे गेले. एका दुपारी भरतीच्या वेळी ती थकून पाण्यावर पालथी पडली होती. काचेतून खाली धक्क्याचा खांब दिसत होता. त्याला शिंपले चिकटलेले, एका भेगेत छोटा मासा तोंड बाहेर काढून बसलेला. आत, बाहेर, पुन्हा आत. तिला एकदम पारवा आठवला. कपारीतून असंच डोकं काढून तो पाहायचा. आणि तिच्या ध्यानात आलं की पारव्यांच्या बाजूला तिचा पाय कधीच टेकला नव्हता. किती वेळा दम लागला, नाकातोंडात पाणी गेलं, तरी नाही. तिथे पायाला कधी बजावावंच लागलं नव्हतं. त्या बाजूला गेलं की पाय आपोआप वर येत, अंग सैल पडे, बाबा पडायचे तसं.

ती बाजू, गोपिका मनात म्हणाली. ही सगळी तीच बाजू आहे.

लाट आली. नळीत पाणी गेलं. तिने अंग सैल सोडलं, उताणी झाली, नळी काढून खोकली, आकाशाकडे पाहत श्वास घेतला. खाली वाळू ढवळली गेली नव्हती.

रूथने तिला आणखी दोन दिवस पाहिलं आणि मग दोरीवर सोडलं. पहिल्याच दोरीवर तिला ती मोडकी फांदी दिसली. तुटल्या जागी हिरवट शेवाळ धरलं होतं. तिने पाटीवर ती मेलेल्यांत नोंदवली आणि पुढे गेली. गेलेले दिवस भरून निघाले नाहीत. इतरांच्या निम्म्याच दोऱ्या तिच्या झाल्या आणि प्रमाणपत्र मिळालं ते शेवटच्या श्रेणीचं. नागपुरात सुहासिनीबाईंनी ते पाहून भुवई उंचावली, तेव्हा गोपिकेने विहिरीचं सगळं सांगितलं. बाई म्हणाल्या, "अर्जात विहीर लिहायलाच हवी होती गं!"

टेबलावरचा प्रवाळाचा तुकडा गोपिकेने धुऊन कपाटात ठेवला. कागदांवर कन्हान नदीच्या पात्रातला एक गोटा आला.

रविवारी ती मौद्याला गेली. शालिकराम विहिरीच्या काठावर दोर वळत बसला होता.

"पाहाला का वं समुद्र?"

"पाहाला बाबा."

"मंग? बाजू किती त्याले?"

"एकच. पारव्यांची."

शालिकरामचे हात थांबले. त्याने विहिरीच्या पूर्वेकडे पाहिलं, मग लेकीकडे.

"अन् दम लागला तं पाय कुठं ठेवत होती?"

"ठेवतच नव्हती, बाबा."

शालिकराम समजल्यासारखा हसला आणि दोराचा पुढचा पीळ घालू लागला.