एका फटक्याने
मोटारीच्या जळक्या तेलाचा वास आला की धुळ्याचं सहा होलचं गोल्फचं मैदान आठवतं. होलभोवती हिरवळ नव्हती, तेल शिंपडलेली वाळू होती. उन्हाळ्यात काळ्या जमिनीला भेगा पडत आणि लांब मारलेला चेंडू त्यांत गडप होई. कुठल्या होलला आखूड मारायचा, कुठे वळसा घ्यायचा, हे सामन्याआधी मीच माझ्या वकील मित्राला समजावलं. तो तसाच खेळला आणि एका फटक्याने मला हरवून जिंकला. पुण्याहून बदलून आलेले कलेक्टर चषक देताना म्हणाले, "वकीलसाहेब, डोकं छान चालवलंत." मित्र माझ्याकडे वळून हसत म्हणाला, "भाऊ, बठ्ठं डोकं तुनंच शे." सगळं डोकं तुझंच आहे, असं तो अहिराणीत म्हणाला; कलेक्टरांना अहिराणी कळत नव्हती. मित्र कोर्टात मात्र उत्तम मराठी बोलायचा, हे मी अजून विसरलेलो नाही.