हॉलमधली पांढरी ओळ

माझ्या तोंडाला लागायची कुणाची टाप नाही, असं कर्वेनगरच्या आमच्या सोसायटीत म्हणायचे. खोटं नव्हतं. हे गेल्यावर तिथलं घर बंद करून मी मुलाकडे राहायला आले, वाघोलीला. आमच्या लेखी वाघोली म्हणजे नगरला जाताना लागणारं गाव, तिथे आता अकराव्या मजल्यावर राहायचं. जिभेची धार तशीच होती, पण शरीर दगा द्यायला लागलं होतं. शिंक आली, खोकला आला की लघवीचे थेंब जायचे. जुन्या साडीची फडकी घडी करून वापरायची, आपली आपण धुवायची आणि टॉवेलच्या आड वाळत घालायची. मुलाला हे कळू नये, एवढ्या एका गोष्टीसाठी माझा जीव टांगणीला लागलेला असायचा.

घर तसं नवं, पण फरशीच्या फटींतला माल निघून गेला होता. फटींत केर अडकायचा, मुंग्या निघायच्या. मिस्त्री ‘उद्या येतो’ म्हणून गेला तो गेलाच. मग मुलाने मनावर घेतलं. खराडीला दिवसभर कॉम्प्युटरसमोर बसणारा माणूस, पण व्हिडिओ बघून फटी भरायच्या ग्राउटची पाकिटं घेऊन आला.

"आधी भिंतीत एक खिळा ठोकून दाखव," मी म्हटलं.

तो नुसता हसला. सून माहेरी गेली त्या शनिवारी गुडघ्यांवर बसला, फटी खरवडल्या, ओला ग्राउट दाबून भरला आणि स्पंजने पुसत पुसत गॅलरीपर्यंत पोचला. काम छान होत होतं. मी तसं म्हटलं नाही.

सुरू करण्याआधी त्याने सांगितलं होतं, "आई, बाथरूमला जाऊन ये. मग संध्याकाळपर्यंत हॉलमध्ये पाय नको."

"मी काय कुक्कुलं बाळ आहे?" असं म्हणून मी गेले नाही. वर कपभर चहा घेऊन माझ्या खोलीत बसले. दोन्ही बाथरूम हॉलच्या पलीकडे.

दुपारी कळ यायला लागली. मुलगा गॅलरीत कानाला हेडफोन लावून ऑफिसच्या कॉलवर होता, शनिवार असूनही. माझ्या माहेरी सोवळ्यात पूजेला बसलेल्या माणसाला कुणी हाक मारत नसे. या घरात कॉलवरच्या माणसाला हाक मारत नाहीत, सूनसुद्धा तेव्हा खुणांनी बोलते. मीही तेच शिकले होते. आणि खरं सांगायचं तर हाक मारून पुढे काय सांगायचं, ते माझ्या तोंडून निघालं नसतं. मी पाय आवळून दारात उभी राहिले. शेवटी ठरवलं की फरश्या चांगल्या मोठ्या आहेत, फटी चुकवून मधोमध पाय टाकत जाऊ. लहानपणी ठिकरी खेळलेली बाई मी.

हॉलच्या मध्यावर एक पाय लांब टाकला आणि सगळं सुटलं. थेंब नव्हेत, सगळं. साडी भिजली, पाय भिजले आणि ओल्या फटीतून ते सरळ वाहत गेलं. मला पुढे जाता येईना, मागे फिरता येईना. तेवढ्यात त्याने वळून पाहिलं.

तो इंग्रजीत दोन शब्द बोलला, हेडफोन काढला आणि आला. येताना फटी चुकवल्या नाहीत, तुडवतच आला.

"अरे, काम बिघडेल," मी म्हणाले. तेव्हाही मला हेच सुचलं.

"बिघडू दे. चल." कोपराला धरून त्याने मला बाथरूमपर्यंत नेलं, धुतलेली साडी दाराच्या कडीला अडकवून ठेवली. माझं रडणं ऐकू जाऊ नये म्हणून मी नळ सोडून बसले. बाहेर आले तेव्हा फरशी पुसलेली होती आणि तो परत कॉलवर होता. त्यावर आम्ही कधीही बोललो नाही.

तेवढा भाग त्याने खरवडून पुन्हा भरला. पण पाकीट दुसरं निघालं, रंग जुळला नाही. करड्या फटींमध्ये एक पांढरी ओळ उठून दिसायला लागली.

पाडव्याला सुनेचे आईवडील जेवायला आले. व्याही सदाशिव पेठेतले. पानावर बसता बसता त्यांची नजर गेली.

"जावईबापू, ही ओळ नमुना म्हणून ठेवलीय का?"

सगळे हसले. मुलगाही हसला. "माझ्याकडून पाणी सांडलं तिथे. घाई केली जरा," तो म्हणाला. माझ्याकडे त्याने चुकूनही पाहिलं नाही.

"बरं आहे. नोकरी मात्र सोडू नका," व्याही म्हणाले. सून म्हणाली, "मी तर रोज सांगते, याला साधी बादली सांभाळता येत नाही."

एरवी माझ्या मुलाला कुणी असं बोललं असतं तर मी त्याला उभा सोलला असता. त्या दिवशी ‘ते माझ्यामुळे झालं’ एवढं जरी म्हटलं असतं तरी पुरलं असतं. मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं मला. मुलगा खाली मान घालून पुरी मोडत होता.

मी भांडं उचललं आणि व्याह्यांना विचारलं, "अजून थोडा मठ्ठा वाढू का?"