थोंगदामची तुंबलेली नळी
थायलंडमधल्या आमच्या गावात शेजारची बुआलोई लव्हाळ्याच्या चटया विणायची. हात भराभर चालायचे, जीभ त्याहून. तिचा नवरा थोंगदाम लाम पाओ धरणातले मासे कच्चेच, लिंबू-मिरची चोळून खायचा. त्या माशांतले किडे पित्ताच्या नळीत घर करतात, हे ती त्याला वीस वर्षं सांगत होती. शेवटी त्या नळीत कॅन्सर झाला. खोनकेन शहरातल्या मोठ्या इस्पितळात डॉक्टरांनी आत धातूची जाळीदार नळी बसवली. पित्त वाहू लागलं, कावीळ उतरली.

सातव्या महिन्यात तो पुन्हा पिवळा पडला. खाजवून अंग रक्ताळलं, मग हुडहुडी भरून ताप आला.

तालुक्याच्या दवाखान्यातला डॉक्टर कागदावरची नजर न उचलता म्हणाला, "मावशी, आजार वाढलाय. घरी न्या."

"आजार वाढलाय, की नळी तुंबलीय?"

"दोन्ही असेल."

"मोरी तुंबली म्हणून घर पाडता का तुम्ही? खोनकेनची चिठ्ठी लिहा. तोवर मी इथून हलत नाही."

ती दारातच बसून राहिली. तासाभराने चिठ्ठी मिळाली. मी पिकअप काढली. मागे थोंगदाम कुडकुडत पडला होता. त्याचं डोकं मांडीवर घेऊन ती वाटभर त्याला शिव्या देत होती. "वीस वर्षं ओरडले मी. तुला मासा गोड लागला. आता मरून दाखव, बघतेच."

खोनकेनच्या डॉक्टरीणबाईंनी तोंडावाटे दुर्बीण घातली. कॅन्सर जाळीच्या भोकांतून आत वाढला होता, त्यावर गाळ साचला होता. त्यांनी तो साफ करून जाळीच्या आतून प्लॅस्टिकची नळी सरकवली.

"कॅन्सर यानं जाणार नाही," त्या म्हणाल्या. "हीसुद्धा दोन-तीन महिन्यांत तुंबेल, तेव्हा बदलू. मधेच ताप आला तर त्याच दिवशी या."

"हे पहिल्या वेळी कुणी का नाही सांगितलं?"

बाईंनी नळी बदलायची तारीख कागदावर लिहून दिली.

चार दिवसांत ताप गेला, हळूहळू खाजही थांबली. घरी आल्यावर दीर खामसिंग कच्च्या माशाची थाळी घेऊन हजर. "एक घास खाऊ दे त्याला, वहिनी. आता काय फरक पडतो?"

बुआलोईने थाळी उचलली आणि उकळत्या रश्शात उपडी केली. "आता खा. दोघंही खा."

थोंगदाम दोन वाट्या रस्सा प्यायला.

नळी दोनदा बदलली. आठ महिन्यांनी तो कॅन्सरनेच गेला, पण न खाजवता, शांत झोपेत.

बुआलोईचा राग मात्र उतरला नाही. तालुक्याच्या दवाखान्यात पिवळ्या डोळ्यांचा माणूस दिसला की ती त्याच्या बायकोला गाठते. "नळी बसवलीय ना? ताप आला तर कुठे जायचं, सांगितलंय का कुणी?"