खरात मॅडमनी खोडलेला बिट

खरात मॅडमची आणि माझी पहिली ओळख लाल रेघेने झाली. अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाच्या चाचणीत, सर्किटची रचना लिहायच्या हार्डवेअरच्या भाषेत, मी बिटांच्या, म्हणजे शून्य-एकांच्या, रांगेतून एक बिट निवडला होता आणि क्रमांकाच्या जागी बदलती संख्या टाकली होती. ‘क्रमांक स्थिरच हवा’ असा शेरा मारून मॅडमनी उत्तर खोडले. तेवढ्या गुणांनी मी नापास झाले. खुलताबादच्या मराठी शाळेतली मी. हे आपल्याला झेपायचे नाही, असे म्हणून सामान बांधले आणि घर गाठले.

रविवारी मॅडम जीपमधून आमच्या दारात उतरल्या. हातात माझी उत्तरपत्रिका. वडील गडबडून गेले.

“मॅडम, एवढ्यासाठी पार शहरातून, गारखेड्याहून आलात व्हय?”

“पोरगी बरोबर होती, दादा. चुकले मी. मग मीच यायला पाहिजे नाय का?”

शंका आल्यावर त्यांनी नियमपुस्तक उघडले होते, माझी ओळ संगणकावर चालवूनही पाहिली होती. ओट्यावर बसून त्यांनी मला समजावले: एकच बिट घ्यायचा तर क्रमांक बदलता चालतो. सलग तुकडा घ्यायचा तर सुरुवात सरकती ठेवता येते, रुंदी मात्र आधीच ठरलेली लागते, कारण तारा किती हे सर्किट बनतानाच ठरते. चहा निवून गेला. रात्री त्या आमच्याकडेच राहिल्या आणि सोमवारी सकाळी मी त्यांच्याबरोबरच कॉलेजला परतले.

त्याच दिवशी त्या भर वर्गात म्हणाल्या, “मागं मी चुकीचं सांगितलं.” मागच्या बाकावर कोणी हसले, तशा मॅडमही हसल्या. आधीच्या तुकडीलाही तेच शिकवले होते, म्हणून त्या मुलांनाही त्यांनी एकेकाला फोन केले.

आज मी त्यांच्याच विभागात शिकवते, आणि हे सांगताना माझी मान ताठ होते. कुणाचा प्रोग्राम अडला की त्या आजही आधी विचारतात, “नियम वाचला, का नुसता ऐकला?”

मॅडमच्या साठीनिमित्त निघणाऱ्या या गौरवग्रंथात त्यांच्या चुकीचा प्रसंग नको, असे संपादक मंडळाचे मत पडले. मी मॅडमना विचारले. त्या म्हणाल्या, “ठेव की. आणि तू घरी निघून गेली होतीस, तेही लिही. पोरींना कळू दे, परत येता येतं.”

मॅडम, साठीच्या तुम्हाला मनापासून शुभेच्छा. निरोगी, उदंड आयुष्य लाभो. अजून किती तरी पोरींना तुम्ही परत आणायचे आहे.